पोशाखी इंग्रजी आणि पेढीवरचे इंग्रजी

महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या पेढीचे छापील बिल हाती घेतले, तर त्याच्या तळाशी बहुधा 'ई. अँड ओ. ई.' ही आद्याक्षरे आढळतात. मराठी बिलावर त्याच जागी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असे छापलेले असते. दोन्हींचा हेतू एकच: बेरजेत चूक झाली असेल किंवा एखादी रक्कम लिहायची राहिली असेल, तर ती मागाहून दुरुस्त करता यावी. इंग्रजी आद्याक्षरांचा विस्तार 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड' असा आहे. यातील 'एक्सेप्टेड' म्हणजे वगळलेले. चुका आणि राहून गेलेल्या बाबी वगळून हे बिल बरोबर आहे, असा त्याचा अर्थ. पण अनेकजण तो विस्तार 'ॲक्सेप्टेड', म्हणजे स्वीकारलेले, असा करतात, आणि मग वाक्याचा अर्थ नेमका उलटतो. चुकांसह बिल मान्य, असे विधान स्वतः विक्रेताच आपल्या बिलावर करून बसतो. एका स्वराच्या फरकाने हा उत्पात होतो. मराठी वाक्प्रचारात मात्र ही अडचण उद्भवत नाही. चुकीने ज्याच्याकडे जास्त गेले त्याने द्यावे आणि ज्याला कमी मिळाले त्याने घ्यावे, हा दोन्ही बाजूंचा न्याय त्या चार शब्दांत स्वच्छ मावलेला आहे.

व्यापारी कुटुंबांतून इंग्रजीविषयी जे प्रश्न वारंवार विचारले जातात, ते अशाच जागी उगवतात. पत्रात 'शॅल' लिहावे की 'विल'? 'बाय फ्रायडे' बरोबर की 'टिल फ्रायडे'? 'प्रीपोन' हा शब्द इंग्रजीत आहे का? वाक्याच्या शेवटी 'टू' किंवा 'फॉर' आले तर चालते का? वरवर पाहता हे सारे एकाच जातीचे प्रश्न वाटतात. नीट निरखले, तर त्यांत दोन जाती दिसतात. काही प्रश्नांमागे हसे होण्याची भीती असते, तर काहींमागे नुकसान होण्याची. पहिल्या जातीचे इंग्रजी पोशाखी. ते समारंभात मिरवण्यासाठी. दुसऱ्या जातीचे इंग्रजी पेढीवरचे. त्यावर माल सुटतो, पैसा अडकतो आणि प्रसंगी पिढ्यांचा घरोबा तुटतो. घराघरांत चिंता मात्र पहिल्या प्रकारचीच अधिक वाहिली जाते.

याची किंमत कोण मोजतो, हेही पाहण्यासारखे आहे. ज्या गृहस्थाने चाळीस वर्षे परगावच्या आडत्यांशी आणि दलालांशी केवळ शब्दावर व्यवहार सांभाळले, तो इंग्रजी पत्राची वेळ आली की कागद मुलाकडे सरकवतो. मुलगा इंग्रजी माध्यमात शिकलेला असतो, त्याची वाक्ये सफाईदार असतात. वडिलांनी एखादा शब्द चुकीचा उच्चारला की नातवंडे खुदकन हसतात, आणि त्या दिवसापासून वडील त्या विषयात बोलेनासे होतात. हळूहळू घरात असा समज रुजतो की ज्याला इंग्रजी येते त्याला व्यवहारही येतो. प्रत्यक्षात व्यवहार ठाऊक असलेला माणूस मजकुरापासून दूर गेलेला असतो आणि मजकूर लिहिणाऱ्याला व्यवहाराचे कंगोरे अजून दिसलेले नसतात. पेढीचे नुकसान होते ते या दोघांमधल्या मोकळ्या जागेत.

आधी हसे होण्याच्या भीतीचा हिशेब उरकून घ्यावा. इंग्रजी वाक्याचा शेवट 'टू', 'विथ', 'फॉर' अशा शब्दाने करू नये, हा नियम शाळेत पुष्कळांना शिकवला जातो. सतराव्या शतकातील कवी जॉन ड्रायडन याने १६७२ साली बेन जॉन्सनच्या लेखनातील अशा वाक्यांना दोष दिला, तेव्हापासून ही कल्पना मूळ धरत गेली. पुढे १७६२ साली रॉबर्ट लाउथ यांचे इंग्रजी व्याकरणाचे छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. असा शेवट बोलण्यात रूढ असला तरी गंभीर लेखनात तितका शोभत नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आणि गंमत अशी की ही लकब सांगताना त्यांनी स्वतःचे वाक्यही 'टू' या शब्दानेच संपवले आहे. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध कोशात तर या नियमाची गणना अंधश्रद्धेतच केली. सारांश, वाक्याच्या शेवटी 'फॉर' आले म्हणून कोणाचे पैसे बुडालेले नाहीत. त्यावरून कोणी हसला, तर त्याचे व्याकरण जुन्या शाळेतले आहे, एवढेच समजावे.

'प्रीपोन' या शब्दाचेही तसेच आहे. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणे, तर 'प्रीपोन' म्हणजे अलीकडे आणणे. भारतात तो सर्रास चालतो आणि ऑक्सफर्डच्या कोशांतही त्याला स्थान मिळालेले आहे. 'कझिन ब्रदर' या शब्दावर परदेशी माणूस कपाळाला आठी घालील. पण चुलतभाऊ, आतेभाऊ, मामेभाऊ आणि मावसभाऊ अशी चार नाती वेगवेगळी ओळखणाऱ्या समाजाला नुसता 'कझिन' अपुरा वाटावा, यात नवल नाही. 'प्लीज डू द नीडफुल' हा प्रयोग तर मुळात ब्रिटिश कचेऱ्यांतूनच इकडे आला. तिकडे तो जुना झाला आणि इथे टिकून राहिला. या शब्दांना अशुद्ध म्हणण्याचे कारण नाही. प्रश्न फक्त एवढाच की पत्र वाचणारा कोण आहे. पुण्याचे पत्र बंगळुरूला जात असेल तर 'प्रीपोन' बिनदिक्कत लिहावे. तेच पत्र हॅम्बुर्गला जात असेल तर जहाजाची नवी तारीख सरळ लिहून टाकावी.

या सौम्य शब्दांच्या रांगेत एक शब्द मात्र धोक्याचा आहे, तो म्हणजे 'रिव्हर्ट'. भारतीय व्यापारी पत्रांत तो 'उत्तर कळवू' या अर्थी वापरला जातो. शब्दाचा मूळ अर्थ पूर्वस्थितीला परत जाणे असा आहे. 'वुई विल रिव्हर्ट ऑन द प्राइस' असे लिहिणाऱ्याला 'दराबाबत मागाहून कळवू' असे म्हणायचे असते. भारतीय प्रघात ठाऊक नसलेला खरेदीदार मात्र 'हे जुन्या दरावर परत येणार' असा अर्थ काढू शकतो. इथे हसण्याचा विषय संपतो आणि नुकसानीचा सुरू होतो.

नुकसान करणाऱ्या शब्दांत सर्वांत साधा दिसणारा गट मुदतीचा आहे. मराठीत 'पर्यंत' हा एकच शब्द दोन कामे करतो. 'शुक्रवारपर्यंत माल पाठवा' या वाक्यात शुक्रवार उलटण्यापूर्वी केव्हातरी एकदा करायचे काम आहे. 'शुक्रवारपर्यंत हा दर राहील' या वाक्यात शुक्रवार संपेतो सतत चालणारी स्थिती आहे. इंग्रजीने या दोन कामांना दोन शब्द दिले आहेत: एकदा करायच्या कामाला 'बाय' आणि चालू राहणाऱ्या स्थितीला 'टिल' किंवा 'अनटिल'. मराठी मनात दोन्हींसाठी 'पर्यंत' असल्यामुळे 'सेंड द गुड्स टिल फ्रायडे' असे वाक्य सहज उतरते. त्याचा अर्थ शुक्रवारपर्यंत माल पाठवत राहा, असा होतो. व्याकरणाच्या पुस्तकात ही किरकोळ चूक ठरेल. खरेदीच्या हुकमात ती किरकोळ नाही.

'पासून' या अर्थी येणाऱ्या 'फ्रॉम'चे दुखणे आणखी खोल आहे. एक तारखेपासून तीस दिवस म्हणजे एक तारीख धरून की सोडून? या प्रश्नाचे उत्तर व्याकरणात नाही, कायद्यात आहे. भारताच्या १८९७ सालच्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या नवव्या कलमाप्रमाणे मुदतीचा पहिला दिवस वगळायचा असेल तर 'फ्रॉम' आणि शेवटचा दिवस धरायचा असेल तर 'टू' हा शब्द पुरेसा मानला जातो. १८८१ सालच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये मुदती हुंडीची मुदत मोजतानाही हुंडीच्या तारखेचा दिवस सोडून दिला जातो. १ जूनची तीस दिवसांची हुंडी त्या गणिताने १ जुलैला येते, आणि सवलतीचे तीन दिवस धरून ४ जुलैला देय होते.

परदेशी व्यापारात याच शब्दाने आणखी एक वळण घेतले आहे. लेटर ऑफ क्रेडिटचे जगभर चालणारे नियम इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था ठरवते. 'युसीपी ६००' या नावाने ओळखले जाणारे सध्याचे नियम १ जुलै २००७ पासून लागू आहेत. त्यांच्या तिसऱ्या कलमात असे ठरवून दिले आहे की माल जहाजावर चढवण्याच्या मुदतीसाठी 'फ्रॉम' वापरला असेल तर ती तारीख धरायची, आणि पैसे देय होण्याच्या मुदतीसाठी वापरला असेल तर ती तारीख सोडायची. शब्द तोच, कागद तोच, कलमही तेच. पण जहाजाला एक न्याय आणि पैशाला दुसरा. 'ऑन ऑर अबाउट' असे लिहिले, तर त्या तारखेच्या पाच दिवस आधीपासून पाच दिवस नंतरपर्यंतचा काळ समजला जातो. महिन्याची 'बिगिनिंग' म्हणजे १ ते १०, 'मिडल' म्हणजे ११ ते २० आणि 'एंड' म्हणजे २१ ते अखेर. रकमेच्या किंवा वजनाच्या आधी 'अबाउट' असेल तर दहा टक्के कमी किंवा जास्त चालते. आणि 'प्रॉम्ट', 'इमिजिएटली', 'ॲज सून ॲज पॉसिबल' या शब्दांकडे, कागदपत्रांत वापरणे आवश्यक नसेल तर, चक्क दुर्लक्ष केले जाते. पत्रात 'लवकरात लवकर' असे कळकळीने लिहिणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. त्या कळकळीला बँकेच्या टेबलावर काहीच वजन नसते. तिथे तारीख लागते.

सांगलीकडच्या एका हळद व्यापाऱ्याच्या पेढीवर घडलेला लहानसा प्रसंग इथे सांगण्याजोगा आहे. पुतण्याने तमिळनाडूतील एका नव्या खरेदीदाराला पत्र लिहिले. मराठी आणि तमिळ माणसांमधला दुवा म्हणून भाषा अर्थातच इंग्रजी. पत्र सुंदर होते. पाठवण्यापूर्वी त्याने रीत म्हणून ते काकांना वाचून दाखवले. वयाची सत्तरी ओलांडलेल्या काकांचे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. 'वुई विल बेअर द फ्रेट' या वाक्याशी त्यांनी हात वर केला.

"थांब जरा. याचं मराठी काय?"

"गाडीभाडं आम्ही भरू, काका."

"आम्ही, का आपण?"

पुतण्या हसला. "इंग्रजीत दोन्हीला 'वुई'च म्हणतात."

"असेल. पण मग त्या माणसानं कोणतं समजायचं? आम्ही भरू म्हणजे सगळं भाडं आपल्या अंगावर. आपण भरू म्हणजे निम्मं त्याचं. तू काय ठरवलं आहेस?"

पुतण्याने काहीच ठरवले नव्हते. वाक्य कानाला चांगले वाटले म्हणून त्याने ते लिहिले होते. त्या दुपारी काका-पुतण्यांनी बसून भाड्याचा प्रश्न आधी ठरवला आणि मग वाक्य लिहिले. 'वुई'च्या जागी 'द सेलर' आला, आणि भाडे कोठपर्यंतचे, तेही गावाच्या नावासह आले. इंग्रजीत 'वुई' एकच आहे. मराठीत 'आम्ही' म्हटले की समोरचा बाहेर राहतो आणि 'आपण' म्हटले की तोही आत येतो. ज्याला ही भाषा जन्मापासून अंगवळणी पडलेली आहे, त्याला इंग्रजी वाक्यातली ती भेग चटकन दिसते, मग त्याला इंग्रजी येवो वा न येवो.

जोडाक्षरासारखे चिकटून येणारे 'अँड' आणि 'ऑर' हे शब्दही असेच तपासून घ्यावे लागतात. नवराबायकोच्या नावे संयुक्त खाते उघडताना अर्जावर 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' किंवा 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' यांपैकी एकावर खूण करायची असते. अनेक घरांत ती खूण न वाचताच केली जाते. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर'मध्ये दोघांपैकी कोणीही खाते चालवू शकतो आणि एकाच्या पश्चात दुसरा चालवतो. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर'मध्ये पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेतो तीच एकटी खाते चालवते. दुसऱ्याला अधिकार मिळतो तो तिच्या पश्चात. पती अतिदक्षता विभागात असताना पत्नी पैसे काढायला बँकेत येते आणि तिचे नाव खात्यावर असूनही तिला परत जावे लागते, तेव्हा त्यामागे बँकेचा कठोरपणा नसतो. वर्षानुवर्षांपूर्वी न वाचता केलेली ती खूण असते. 'आयदर' आणि 'फॉर्मर' या दोन शब्दांतला फरक घरातील प्रत्येक स्त्रीला ठाऊक असलाच पाहिजे. बाकीचे व्याकरण नंतर आले तरी चालेल.

विरामचिन्हे तर बहुतेकांना नक्षीकाम वाटतात. कॅनडातील एका खटल्याने तो समज खोटा ठरवला. रॉजर्स ही केबल कंपनी आणि अलाएंट ही दूरध्वनी कंपनी यांच्यात विजेच्या व दूरध्वनीच्या खांबांवरून तारा नेण्याचा करार २००२ साली झाला होता. करार पाच वर्षे चालेल, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी वाढेल, आणि एक वर्षाची सूचना देऊन तो संपवता येईल, अशा आशयाचे एक लांब वाक्य त्यात होते. सूचनेच्या अटीआधी एक स्वल्पविराम पडला होता. रॉजर्सची समजूत अशी की पहिली पाच वर्षे करार पक्का. २००६ साली कॅनडाच्या दूरसंचार नियामकाने निर्णय दिला की त्या स्वल्पविरामामुळे सूचनेची अट संपूर्ण वाक्याला लागू होते. म्हणजे पहिल्या पाच वर्षांतही करार संपवता येतो. पुढे २००७ साली हा निर्णय फिरला. त्यासाठी इंग्रजी व्याकरणाचे आणखी मोठे पुस्तक कोणी उघडले नाही. कराराचा जो नमुना होता, त्याची फ्रेंच प्रत पाहिली गेली. इंग्रजी वाक्याचे दोन अर्थ निघत होते, फ्रेंचमध्ये एकच निघत होता, आणि फ्रेंच प्रतीने निकाल दिला.

अमेरिकेच्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या वाहनचालकांचा दावाही असाच गाजला. ज्या कामांना जादा वेळेचा मोबदला द्यावा लागत नाही, त्यांची यादी राज्याच्या कायद्यात होती. यादीच्या शेवटी माल पाठवण्यासाठी किंवा वितरणासाठी बांधणे, असा भाग होता आणि 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नव्हता. चालक वितरण करीत. माल बांधीत नसत. स्वल्पविराम असता, तर वितरण हे स्वतंत्र काम ठरून चालकांचा हक्क गेला असता. तो नसल्यामुळे अर्थ संदिग्ध ठरला आणि २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एवढा महाग स्वल्पविराम सहसा कोणाच्या वाट्याला येत नाही, पण धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे. एका वाक्यात तीन अटी कोंबण्यापेक्षा तीन वाक्ये लिहावीत. लहान वाक्यात स्वल्पविरामाला घातपात करायला जागाच उरत नाही.

आकडे हीसुद्धा भाषाच आहे. 'बिलियन' म्हणजे आज शंभर कोटी. पण ब्रिटनमध्ये पूर्वी याच शब्दाचा अर्थ एक लाख कोटी असा होता, आणि १९७४ साली तेथील सरकारने नवा अर्थ स्वीकारला. भारतात दहा लाख लिहिताना १०,००,००० असे स्वल्पविराम पडतात. इतर देशांत १,०००,००० असे. जर्मनीत तर स्वल्पविराम आणि दशांशचिन्ह यांची कामे अदलाबदल झालेली आहेत. ०५/०६ ही तारीख भारतात ५ जून आहे आणि अमेरिकेत ६ मे. म्हणून परदेशी पत्रात महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे आणि रक्कम आकड्यांबरोबर अक्षरांतही. धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिण्यामागेही हेच शहाणपण आहे. आकडी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या अठराव्या कलमाप्रमाणे अक्षरी रक्कम खरी मानावी लागते. व्यवहारात बँक असा धनादेश बहुधा परतच पाठवते, पण कायद्याने मान दिला आहे तो अक्षरांना.

काही शब्दांचा अर्थ मात्र कोशात शोधून उपयोग नसतो. धनादेशावर दोन रेघांमध्ये 'नॉट निगोशिएबल' लिहिले, तर तो दुसऱ्याला देताच येत नाही, असा अर्थ पुष्कळजण लावतात. कायद्याच्या १३०व्या कलमाचा अर्थ वेगळा आहे. असा धनादेश हस्तांतरित होऊ शकतो. मात्र घेणाऱ्याला देणाऱ्यापेक्षा अधिक चांगला हक्क मिळत नाही. देणाऱ्याने तो चोरलेला असेल, तर प्रामाणिकपणे घेणाराही अडचणीत येतो. बिलावर छापलेल्या 'सब्जेक्ट टू अमुक ज्युरिस्डिक्शन' या ओळीचेही तसेच. त्या ओळीत 'ओन्ली' हा शब्द नसेल, तर इतर ठिकाणच्या न्यायालयांची दारे उघडी राहतात का, यावर वर्षानुवर्षे वाद झाले. २०१३ साली स्वस्तिक गॅसेस विरुद्ध इंडियन ऑइल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की 'ओन्ली', 'अलोन' असे शब्द नसणे निर्णायक नाही. करारात एका ठिकाणच्या न्यायालयांचे नाव घेतले असेल, तर इतर ठिकाणे वगळण्याचा हेतू त्यातून दिसू शकतो. चार अक्षरी शब्द बिलावर छापायला खर्च काहीच येत नाही; तो न छापल्यामुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचा खर्च मोठा असतो. अशा जागी व्याकरण जाणणाऱ्यापेक्षा वकिलाला किंवा बँकेतील जाणत्याला विचारणे बरे.

उरतात त्या जोड्या. मुद्दल म्हणजे 'प्रिन्सिपल', आणि तत्त्व म्हणजेही 'प्रिन्सिपल'. उच्चार सारखा, स्पेलिंग निराळे. मुद्दलाच्या स्पेलिंगचा शेवट 'पी-ए-एल' असा, तत्त्वाचा 'पी-एल-ई' असा. उसने देणे ते 'लेंड', उसने घेणे ते 'बॉरो'. मराठीत क्रियापदातल्या 'देणे-घेणे'ने काम भागते, म्हणून इंग्रजीत गफलत होते आणि ऋणको धनको होऊन बसतो. सल्ला हे नाम 'ॲडव्हाइस', सल्ला देणे हे क्रियापद 'ॲडव्हाइज'. करारात 'शॅल' म्हणजे करणे बंधनकारक आणि 'मे' म्हणजे करण्याची मुभा; 'द बायर मे पे' असे लिहून बसलेल्या विक्रेत्याने खरेदीदाराला पैसे देण्याची केवळ परवानगी दिलेली असते. अशा दहा-बारा जोड्या एका कागदावर लिहून गल्ल्यापाशी चिकटवल्या, तर वर्षभराच्या पत्रव्यवहाराला पुरतात.

या सगळ्याला एक साधी कसोटी आहे, आणि तिला इंग्रजीची पदवी लागत नाही. तयार झालेले इंग्रजी पत्र पाठवण्यापूर्वी त्याचे वाक्य-वाक्य मराठीत मोठ्याने सांगावे आणि घरातील जाणत्याने ते ऐकावे. कोण देणार, किती देणार, कोणत्या तारखेला देणार आणि न दिल्यास काय, एवढे चार प्रश्न त्याने विचारावेत. एका इंग्रजी वाक्याचे एकच मराठी वाक्य झाले, तर पत्र जाऊ द्यावे. दोन होऊ लागली, तर व्याकरण कितीही निर्दोष असले तरी ते वाक्य बदलावे. कॅनडाच्या नियामकाने फ्रेंच प्रत उघडून केले ते याहून वेगळे नव्हते. यात मुलाच्या सफाईचा अपमान नाही आणि वडिलांच्या न येणाऱ्या इंग्रजीची लाजही नाही. मुलाने लिहावे, वडिलांनी विचारावे. आणि वडिलांनी 'शेड्यूल'चा उच्चार कसाही केला, तरी त्या वेळी टेबलाभोवती कोणी हसू नये. कारण जो हसण्याच्या धास्तीने गप्प बसतो, तो पुढच्या पत्रातली चूक दिसली तरी बोलत नाही.